टिकटिक ऐकू आली की हात वर करा

१८ नोव्हेंबर, रविवार

भिंगरीच्या आईस,

माझं पत्र बघून तू तुझ्या वहिनीला म्हणशील, घरात फोन असताना या माणसाने कागद कशाला खराब केला. फोनवर मला नीट बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. तू रविवारी फोन करतेस तेव्हा मी नेमका बसचं तेल-पाणी बघायला खाली उतरतो, असं भिंगरी तुला सांगत असेल. त्यात मुद्दाम काही नाही. तेल-पाणी बघावंच लागतं.

इकडे सगळं ठीक. भात कधी कच्चा राहतो, कधी चिकट होतो. भिंगरी काही न बोलता खाते, आणि ती काही बोलत नाही म्हणजे भात फारच वाईट झाला असं मी समजतो. तू उन्हाळ्यात भावाकडे गेलीस ती "आता भिंतीशी बोलायची ताकद राहिली नाही" म्हणून. मी त्यावर काही म्हटलं नाही. आजही म्हणत नाही. आज पत्र लिहितोय ते पोरीसाठी.

शाळेत जानेवारीत विज्ञान प्रदर्शन आहे. त्यातून निवडलेले प्रकल्प पुढे मोठ्या प्रदर्शनाला जाणार. भिंगरीने मनावर घेतलंय. तिची एकच अट आहे: आई बघायला आली पाहिजे. हे तिने मला सांगितलं, तुला सांगितलेलं नसणार, म्हणून मी कळवतोय.

पण गाडं प्रश्नावरच अडलं होतं. त्यांच्या विज्ञानाच्या बाई नव्या आहेत, वयाने लहान, पण जरबेच्या. भिंगरी रोज एक प्रश्न घेऊन जायची आणि पडलेल्या चेहऱ्याने परत यायची.

"बाई म्हणतात, प्रश्न लहान कर. लहान केला तर म्हणतात, अजून लहान कर. बाबा, असं करत गेलं तर प्रश्न उरणारच नाही!"

"पहिला प्रश्न काय होता तुझा?"

"तो बाद झाला," म्हणाली आणि दप्तर आवरायला लागली.

बाईंचं म्हणणं असं, की ज्याचं उत्तर मोजून येतं तोच प्रयोगाचा प्रश्न. 'का' म्हणून सुरू झालेला प्रश्न बहुतेक वेळा हातात मावत नाही. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं. आणि उत्तर आपल्या मनाविरुद्ध येण्याची वाट मोकळी ठेवायची. ती वाट बंद असेल तर तो प्रश्न नव्हे, तो हट्ट. भिंगरीने हे मला बाईंच्या आवाजात, बोट नाचवून सांगितलं. आमच्या गावच्या शाळेत प्रश्न विचारणाऱ्याला आगाऊ म्हणत. मी चार भिंतींच्या त्या शाळेत शिकलो, आणि रोज सकाळी देवापुढे हात जोडतो तेही उत्तर आधी ठरवूनच जोडतो. त्यामुळे बाईंचं ते बोलणं माझ्या मनात दिवसभर फिरत राहिलं.

शेवटी प्रश्न पास झाला. असा आहे: 'माणसाचं वय वाढतं तसं घड्याळाची टिकटिक ऐकू येण्याचं अंतर कमी होतं का?'

मी तिला म्हटलं, दुसरा घे. झाडांचा घे. रोपं बिचारी तक्रार करत नाहीत.

"झाडांचा सगळेच घेतात, बाबा."

तर एवढंच. तारीख ठरली की कळवतो. तब्येतीला जप.

भिंगरीचे बाबा


२ डिसेंबर, रविवार

भिंगरीच्या आईस,

पोरीचा प्रयोग झोकात चाललाय. तुझी कपडे मापायची टेप आणि आपलं चावीचं जुनं घड्याळ, एवढीच सामग्री. ज्याची परीक्षा घ्यायची त्याला खुर्चीवर पाठमोरं बसवायचं. ही मागून घड्याळ घेऊन एक एक पाऊल पुढे येणार. टिकटिक ऐकू आली की हात वर करायचा. मग ती टेप लावते आणि आकडा लिहिते.

शेजारच्या आजोबांना बसवलं तर ते घड्याळ पोचायच्या आत झोपले. भिंगरीने त्यांना हलवून उठवलं, तर म्हणाले, "ऐकू आली, ऐकू आली, बंद कर तो गजर." त्यांना पुन्हा बसवावं लागलं. बसवरची मावशी, पोरांना चढवते-उतरवते ती, ती बसली तेव्हा म्हणाली, "लिहून ठेव, माझा कान तुझ्या बापाच्या बसने खाल्ला." तरी तिचा आकडा बरा आला. वर्गातली मुलं झाली, बाई झाल्या, शाळेचा माळी झाला.

मग माझी पाळी आली. बाहेरच्या खोलीत, तसबिरीच्या भिंतीकडे तोंड करून मला बसवलं. ती स्वयंपाकघराच्या पार टोकापासून निघाली. मी हात वर केला आणि ती टेप टाकून नाचायलाच लागली.

"बाबा! तुमचे कान आहेत की कुत्र्याचे!"

माझा आकडा सगळ्यांत मोठा आला. तिच्या वर्गातल्या पोरांपेक्षाही मोठा. देवाची कृपा, दुसरं काय. तू म्हणायचीस ना, कानात बोळे घातलेत का म्हणून? आता ते मोजून झालं.

मात्र त्या दिवसापासून पोर जरा गप्प आहे. अभ्यासाचा ताण असेल.

एक किरकोळ गोष्ट. तुझ्या कानावर कुणाकडून जाण्याआधी मीच लिहितो. गेल्या आठवड्यात शाळेच्या आवारात बस मागे घेताना एका मुलीचं दप्तर चाकाखाली आलं. दप्तरच. डबा चेपला. मी नवा आणून दिला. मोठ्या बाईंनी बोलावून विचारलं, मी सांगितलं, जमीन उताराची आहे. त्या 'जपून' म्हणाल्या, विषय संपला.

प्रदर्शन ११ जानेवारीला. यायचं बघ.

भिंगरीचे बाबा


१६ डिसेंबर, रविवार

भिंगरीच्या आईस,

तुझं उत्तर नाही. भिंगरी म्हणाली, तिने माझ्या आकड्याचं तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू नुसतं "अस्सं" म्हणालीस.

परवा विज्ञानाच्या बाईंनी मला वर्गात बोलावलं. फळ्याला भिंगरीचा आलेख चिकटवला होता. वय वाढत जातं तसे ठिपके खाली उतरत जातात, पायऱ्या उतरल्यासारखे. मुलं वर, बाई आणि माळी मधे, आजोबा तळाशी. आणि एकच ठिपका, पन्नाशीच्या जरा अलीकडे, सगळ्यांच्या डोक्यावर लटकलेला. तो मी.

बाई सरळ माझ्या तोंडाकडे बघून बोलतात, ही त्यांची चांगली सवय आहे. म्हणाल्या, "काका, असं होत नाही. त्यातून तुम्ही वीस वर्षं इंजिनाशेजारी बसताय. हिने एक तर टेप चुकीची लावली, नाहीतर आकडा चुकीचा लिहिला."

"मी टेप दोनदा लावली होती," भिंगरी म्हणाली.

"मग हा आकडा गाळ. नाहीतर परत घे."

"न आवडणारा आकडा गाळायचा नाही, असं तुम्हीच सांगितलंय बाई."

मागच्या बाकावरून एक पोरगं हसून काहीतरी बोललं. मला शब्द कळले नाहीत, पण भिंगरीचे कान लाल झाले. नंतर मावशीकडून समजलं, वर्गात तिला 'फुगवी' म्हणून चिडवतात. बापाचा आकडा फुगवला म्हणून.

आणि ती, तुझी मुलगी, सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "माझे बाबा देवाचं करतात. ते खोटं बोलत नाहीत."

मी तिथे उभा होतो. 'परत घेऊ' म्हणायला काय झालं होतं मला? बसची वेळ झाली म्हणून मी निघून आलो.

आता त्या रात्री जेवताना झालं ते लिहितो, कारण ते तुझ्याबद्दल होतं. मी म्हटलं, "लोक काय, बोलतातच. तू मनाला लावून घेऊ नकोस." तिने ताट बाजूला सारलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"माझा पहिला प्रश्न सांगू, बाबा? बाद झालेला?"

"सांग."

"आई बोलते तेव्हा बाबा उत्तर का देत नाहीत, हा होता. बाई म्हणाल्या, हा घरचा प्रश्न आहे, प्रयोगाचा नाही. मग मी म्हटलं, बाबांना कमी ऐकू येत असेल तर? बाई म्हणाल्या, ते मोजता येईल. पण एका माणसाचं मोजून काही कळत नाही, सगळ्या वयाची माणसं घे. म्हणून तो तसा झाला."

मी ताटातला भात चिवडला.

"मला वाटलं होतं तुमचा आकडा लहान येईल. अगदी लहान. मग तो आईला दाखवायचा आणि सांगायचं, बघ, ते मुद्दाम करत नव्हते. आकडा मोठा आला तेव्हा मी आधी नाचले. मग रात्री माझ्या लक्षात आलं." ती माझ्या डोळ्यांकडे बघत होती. "तुम्हाला सगळं ऐकू येत होतं. मग आईला उत्तर का दिलं नाहीत?"

मी उठून हात धुतले. आणखी काय लिहू? दिवा मालवतो.


१७ डिसेंबर, पहाटे

कालचं पत्र टाकलेलं नाही. त्यालाच हे जोडतोय. वर काही मायना लिहायची माझी लायकी नाही.

मला ऐकू येत नाही.

डावा कान कधीचाच गेलाय. उजव्यात माणूस जवळ येऊन, समोरून बोललं तर पोचतं, बाकी ओठांवरून आणि अंदाजाने चालतं. किती दिवसांपासून, तेही मला नक्की सांगता येत नाही. हंडा थेंब थेंब गळावा आणि एक दिवस रिकामा दिसावा, तसं झालं. लायसनच्या वेळी डॉक्टर समोर बसून नाव विचारतात, मी ओठ बघून सांगतो. बसमध्ये मावशी मला हाक मारत नाही, माझ्या सीटमागची दांडी हाताने ठोकते. तो हादरा पाठीला कळतो. मला वाटायचं, तिची ती पद्धतच आहे.

तू फोन करतेस तेव्हा मी खाली का पळतो, ते आता तुला कळलं असेल.

प्रयोगाच्या दिवशी मला टिकटिक ऐकू आली नव्हती. मला भिंगरी दिसली. ड्रायव्हर माणूस, सबंध आयुष्य आरशात बघून मागचं ओळखण्यात गेलं. खुर्चीवर बसल्या बसल्या नजर आपोआप काच शोधते. समोर देवाची तसबीर होती. तिच्या काचेत स्वयंपाकघराचं दार, दारात पोर, पोरीच्या हातात घड्याळ. ती एक पाऊल पुढे आली, दुसरं टाकलं, आणि मला वाटलं की आता हात वर केलेला बरा दिसेल. घाई झाली. साधारण माणसाला कुठून ऐकू येतं, हेच मी विसरलो होतो.

देवाच्या तसबिरीत बघून पोरीला फसवलं मी. तेव्हापासून सकाळी हात जोडताना डोळे उघडत नाही. आणि एवढी वर्षं मी तिथे उभा राहून काय मागत होतो, ते ऐक. कान नाही मागितले. कुणाला कळू नये, हे मागत होतो.

आमच्या गावात एक चुलते होते, ठार बहिरे. त्यांना बघितलं की आम्ही पोरं नुसते ओठ हलवायचो, आवाज न काढता. ते बिचारे 'आँ? आँ?' करत कानाला हात लावायचे आणि आम्ही लोळून हसायचो. त्यांच्या घरचेसुद्धा त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल वाट्टेल ते बोलत. मला तसं व्हायचं नव्हतं. नोकरीची भीती होती, खरंच होती, पण मोठी भीती ती होती. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा मला अबोल म्हणवून घेणं बरं वाटलं. अबोल माणसाला लोक मान देतात. 'शांत आहेत हो, देवमाणूस,' असं तुझ्या बहिणी म्हणायच्या तेव्हा मी मान खाली घालून हसायचो. तू स्वयंपाक करता करता पाठमोरी बोलायचीस. घरातलं, मनातलं, काय काय बोलत असशील. मी मधूनच 'हं' म्हणायचो. कधी 'हं' चुकीच्या जागी पडायचा आणि तू पळीसुद्धा खाली ठेवायची नाहीस, नुसती थांबायचीस. तुझी पाठ थांबलेली मला दिसायची.

तू मला दगड समजलीस. मी समजू दिलं. आणि वर माझ्या दुसऱ्या पत्रात तुलाच टोमणा मारला, की आता मोजून झालं. त्या एका वाक्यात मी तुला खोटं ठरवलं आणि स्वतःला दगड म्हणून सही करून दिली.

अजून एक राहिलं. दप्तराचं. दप्तर एकटं नव्हतं. पहिलीतली एक मुलगी बसच्या मागे वाकून पाण्याची बाटली उचलत होती. मावशी ओरडत होती, आवारातली सगळी ओरडत होती म्हणे. मला आरशाच्या कडेला फक्त मावशीचा हात दिसला आणि मी ब्रेक दाबला. खाली उतरून मागे गेलो तर ती मुलगी दप्तराचा तुटलेला पट्टा हातात धरून उभी होती. रडतही नव्हती. मी तिच्यासाठी डबा विकत आणला आणि तुला लिहिलं, जमीन उताराची आहे.

जमीन सपाट आहे.

हे वाचून तुला माझी दया येईल, तर ती येऊ देऊ नकोस.


१३ जानेवारी

भिंगरीच्या आईस,

तुझी चिठ्ठी मिळाली होती. तीन वाक्यं. 'गाडीला हात लावू नका. भिंगरीला स्वतः सांगा. मग मला लिहा.' त्यात एकही शिवी नव्हती, त्यामुळे मी ती खिशात घेऊन फिरलो आणि पुन्हा उघडून बघायची छाती झाली नाही.

पहिली आज्ञा मी पाळली, पण माझ्या पद्धतीने. पाठ धरलीय म्हणून सांगून रजा घेतली. म्हणजे एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू दिला. दुसरी आज्ञा रोज उद्यावर ढकलली. सकाळी वाटायचं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी ती आलेख रंगवत बसलेली असायची. माझा ठिपका तिने लाल केला होता. गाळला नाही. खाली लिहिलं होतं: 'या आकड्याचं कारण मला सापडलेलं नाही.' ते वाचून तरी तोंड उघडायचं, की नाही? नाही उघडलं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी गेलो. तू येणार नाहीस, हे तिला तू कळवलं होतंसच. हॉल भरलेला. माझ्यासाठी हॉल म्हणजे मधमाश्यांचं पोळं, नुसती गुणगुण आणि हलणारी तोंडं. भिंगरी आपल्या टेबलामागे ताठ उभी होती. परीक्षक म्हणून एक वयस्कर बाई आल्या होत्या, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांनी सगळं निरखून बघितलं आणि लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. भिंगरी काहीतरी बोलली. विज्ञानाच्या बाई काहीतरी बोलल्या. परीक्षक बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं आणि हाताने बोलावलं. जवळ गेल्यावर मला कळलं: "वडील इथेच आहेत ना? मग भांडण कसलं? आत्ता मोजू."

आम्ही वाचनालयाच्या खोलीत गेलो. दार लावलं. आत परीक्षक बाई, विज्ञानाच्या बाई, भिंगरी, आणि कुणी न बोलावता आलेली मावशी. खुर्ची ठेवली. समोर पुस्तकांचं कपाट होतं. काचेचं.

एवढ्या दिवसांत देवाने मला दुसऱ्यांदा काच दिली. मी बसलो, आणि काचेत भिंगरी दिसली. घड्याळ दोन्ही हातांत छातीशी धरलेलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं, सांगू? आशा नव्हती. नेटाने उभं राहणं होतं. जे येईल ते लिहायचं, एवढंच.

मी म्हटलं, "माझे डोळे बांध."

तिला समजेना. मी म्हटलं, "त्या दिवशी मला तू तसबिरीच्या काचेत दिसत होतीस. मी तुला बघून हात वर केला. मला टिकटिक ऐकू आलीच नव्हती, पोरी."

बहिरा माणूस हळू बोलायला जातो तरी ओरडतो. हॉलपर्यंत गेलं असणार.

कोणी काय म्हटलं, मला माहीत नाही. मी पाठमोरा होतो आणि काचेकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. थोड्या वेळाने कुणीतरी माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला. गाठ घट्ट होती. मावशीची असावी.

मग अंधार. मी ऐकायचा प्रयत्न केला. खरोखर केला, जन्मात पहिल्यांदा. माझ्या कानांत एक बारीक शिटी सतत वाजत असते. तिच्याशिवाय काही नाही. ती किती जवळ आली असेल, याचा अंदाज करायची सवय जात नाही. आता निम्म्यावर असेल, आता टेबलापाशी असेल. हात आपोआप उचलायला लागला, तेव्हा मी तो मांडीखाली दाबून ठेवला. मग गालावर तिचा श्वास लागला. डाव्या कानाला काहीतरी गार टेकलं. घड्याळाची पत्र्याची पाठ. ते तिथे चालू होतं आणि माझ्यापर्यंत काही येत नव्हतं. मग उजव्या कानाला टेकलं, तेव्हा कुठे खोल आत काहीतरी सरपटल्यासारखं झालं. तेव्हा मी हात वर केला.

रुमाल भिंगरीनेच सोडला. ती रडत नव्हती. तिने टेप उलगडली, बघितली, तशीच गुंडाळली. मोजायला अंतर नव्हतंच.

त्यानंतर परीक्षक बाईंशी ती दारापाशी बोलली. मला ऐकू जाण्यासारखं नव्हतं. विज्ञानाच्या बाईंनी नंतर मला समोर उभं करून सांगितलं. परीक्षक बाईंनी विचारलं होतं, "मग आता या पहिल्या आकड्याबद्दल काय लिहिशील?" आणि भिंगरी म्हणाली होती, "बसलेल्या माणसासमोर काच होती आणि ती मी तपासली नाही. चूक माझ्या पद्धतीची होती."

चूक बाबांची, असं म्हणाली नाही. माझ्या खोटेपणाची सबंध जबाबदारी तिने आपल्या प्रयोगाच्या दोन ओळींत उचलून घेतली. मी सगळ्यांसमोर बोललो होतो म्हणून मला जे थोडं हलकं वाटत होतं, तेही त्याने उतरलं.

पुढे लिंबांवर दिवा पेटवणारा मुलगा गेला. भिंगरीची निवड झाली नाही. घरी येताना मी वाकून तिच्या समोर जाऊन विचारलं, "रागावलीस?"

"खूप."

"किती?"

"ते मोजता येत नाही," म्हणाली, आणि पुढे चालायला लागली. मग थांबली, मागे वळून, मला ओठ दिसतील असं उभं राहून तेच परत म्हणाली. पहिल्या वेळी मला कळलं होतं, पण मी ते सांगितलं नाही.

काल मोठ्या बाईंना भेटून दप्तराचं खरं सांगितलं आणि बसची किल्ली टेबलावर ठेवली. त्या बराच वेळ बोलल्या. मी त्यांना अडवून म्हटलं, मला कळलं नाही, परत सांगा. 'परत सांगा' हे दोन शब्द मी माणसासमोर उच्चारले, बघ. तोंड कडू झालं. त्या मुलीच्या आईवडिलांनाही मीच सांगायचं ठरलंय. उद्या जायचंय. गाडी आता दुसरा कुणी चालवेल. मला गॅरेजात धुण्यापुसण्याचं काम देतील की घरी बसवतील, ते ठरायचंय. मावशी फाटकात भेटली. म्हणाली, "चला, सुटले. दांडी ठोकून ठोकून माझा पंजा सुजला होता. मला वाटायचं, हा बाबा आज सांगेल, उद्या सांगेल." म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मी तिच्यापुढे किती वर्षं सोंग वठवत होतो!

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय. भिंगरी बरोबर येणार आहे. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "तुम्ही डॉक्टरांचे ओठ बघाल."

आता तुझ्याकडे एक मागणं आहे. रागावलीस तरी वाच.

तू गेलीस त्या दिवशी आपण फाटकात उभे होतो. पाण्याचा टँकर आला होता, त्याची मोटर चालू होती. तू गाडीत बसायच्या आधी पिशवी खाली ठेवलीस आणि माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत काहीतरी बोललीस. थोडं लांब होतं ते. मग माझ्याकडे वळलीस आणि वाट बघितलीस. मी म्हटलं, "बरं."

तुझा चेहरा कसा झाला ते मी बघितलं. पिशवी उचलून तू गाडीत बसलीस. 'बरं' हे त्याचं उत्तर नव्हतं, एवढं मला तेव्हाच कळलं. तरी मी परत विचारलं नाही. हात हलवला.

मी कशाला 'बरं' म्हणालो, ते मला आजही माहीत नाही. तू जाऊ का म्हणून विचारलं होतंस, की थांबवा म्हणाली होतीस? तो प्रश्न तरी होता का? तू जे बोललीस ते जसंच्या तसं मला लिहून पाठव. कितीही वाईट असलं तरी त्यातला शब्द बदलू नकोस. त्या दिवशीचं उत्तर चुकलं. प्रश्न वाचून मग देतो.

भिंगरीचे बाबा